दुसरी टोपली

"मावशी, सुरी ठेवा बाजूला. आजपासून तुमचा त्रास संपला," मॅनेजरबाई हसून म्हणाल्या. ओट्यावर पिशव्यांची रास लागली होती. फ्लॉवर, गाजर, भोपळा, सगळं सोलून, चिरून आलेलं. पान नाही, देठ नाही, साल नाही.

मावशींनी एक पिशवी उलटसुलट करून पाहिली. एकतीस वर्षं त्या या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या, आणि त्यांच्याजवळ कायम दोन टोपल्या असत. पहिलीतली भाजी मोठ्या पातेल्यात जाई. दुसरीत फ्लॉवरचे देठ, मटाराची टरफलं, भोपळ्याची साल, कोथिंबिरीच्या काड्या. हे शिजवून, घोटून, गाळून मावशी कढण करायच्या आणि चावता न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात पाठवायच्या. कुठल्याही कागदावर ते कढण नव्हतं. बरोबरच्या बायका म्हणायच्या, "मावशींना झाडू दिला तर त्याचंही कढण करतील!" मावशीही हसायच्या. झाड काही निम्मं उगवत नाही, मग निम्मं टाकायचं कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं.

गेला दीड महिना त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, त्यांचा नवरा होता. जन्मभर लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त केले आणि आता स्वतःच्या काळजानेच दगा दिला होता. कढणाशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं. दुपारी बाराला मावशी वाटी घेऊन गेल्या की पहिल्या घोटाला त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

"अगं, चिमूटभर मीठ टाक की."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"मग डॉक्टरलाच पाज हे."

"अहो, गुमान प्या बघू."

काल मात्र त्याने मीठ मागितलंच नाही. न कुरकुरता वाटी संपवली. मावशींनी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली.

"बाई, थोडी अख्खी भाजी मागवता येईल का?" त्यांनी विचारलं.

"कशाला? आता आपल्याकडे कचराच होत नाही मावशी. किती छान!"

मावशींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्या बाजारात गेल्या. भाजीवाल्याने गिऱ्हाइकांसाठी खुडून टाकलेल्या देठांचा, पाल्याचा, शेंड्यांचा ढीग त्याच्या पायाशी पडला होता. त्या खाली बसून निवडू लागल्या.

"शेळी पाळलीत का मावशी?"

"पाळलीय ना. म्हातारी आहे. दात नाहीत, पण नखरे किती!"

घरी पोचेपर्यंतच बारा वाजून गेले. देठ जून निघाले, शिजता शिजेनात. अखेर कढण गाळून झालं आणि मावशींची नजर मिठाच्या बरणीवर गेली. त्यांनी बोटं आत घातली, काढली, पुन्हा घातली. दीड महिना त्या माणसाला नाही म्हणत आले. आज काय व्हायचं ते होवो. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि डबा घेऊन जवळजवळ पळतच निघाल्या. त्याचा चेहरा कसा होईल, या विचाराने वाटभर त्यांना हसू येत होतं.

तीन वाजले होते. खिडकीजवळच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

"मावशी, स्वयंपाकघरात किती शोधलं तुम्हाला," नर्स पुढे येत म्हणाली. "दोनच्या सुमाराला गेले."

पलीकडच्या खाटेवरचे आजोबा कोपरावर उठले. "बारापासून दाराकडे डोळे लावून होते हो. दोनदा विचारलं, वाटी आली का म्हणून. म्हणाले, तिला सांगा, अळणी असलं तरी चालेल."

मावशी पडद्याआड स्टुलावर बसल्या. त्याच्या कपाळावर हात ठेवला. एक दिवस, फक्त आजचा एक दिवस त्या इथे नव्हत्या.

नर्सने हळूच डब्याला हात लावला. "द्या, मी ओतून टाकते."

"टाकू नकोस गं."

टेबलावर त्याची वाटी पालथी घातलेली होती. मावशींनी ती सुलटी केली, काठोकाठ भरली आणि त्याच्याकडे बघत एकेक घोट घेऊ लागल्या. तिसऱ्या घोटाला रडू कोसळलं. तरी त्यांनी वाटी खाली ठेवली नाही, तळाचा थेंबही राहू दिला नाही.

मीठ अगदी बेताचं पडलं होतं.