दोन ठोके एल्झीसाठी

मी लवीना प्रॅटरची गिटार बोलतेय. दुकानातली नव्हे हं! माझ्या मानेवर कुठल्या कंपनीचं नाव नाही, आणि पाठ जराशी वाकडी आहे. त्याची मला कधी लाज वाटली नाही. ज्यानं मला घडवलं त्याचीही पाठ वाकडीच होती, कोळशाच्या खाणीत ओणवं राहून राहून.

त्याचं नाव एल्झी. लवीनाचा बाप. पूर्व केंटकीतल्या डोंगरांच्या बेचक्यात त्यांचं घर. एका हिवाळ्यात खाणीत संप झाला, एल्झीच्या हातांना काम उरेना, आणि नेमकं तेव्हाच परसातलं अक्रोडाचं झाड कोंबड्यांच्या खुराड्यावर कोसळलं. त्याची बायको ओमा म्हणाली, "खुराड्याचं वाटोळं झालं ते झालं. निदान त्या लाकडाचं तरी काही कर! दिवसभर येरझाऱ्या घालून डोकं उठवलंस माझं." म्हणून एल्झीनं मला केलं. शेगडीवरच्या फळीवर लाकूड वाळवताना त्यानं घाई केली, तिथेच पाठ वाकली. खुराड्याचा एक खिळा त्या लाकडात घुसला होता, त्याचा काळा डाग अजून माझ्या अंगावर आहे. अशी मी खुराड्यातून निघालेली, पण देवाशपथ सांगते, गावोगावच्या मंचांवर बसून आले.

संध्याकाळी जेवणाआधी तिघं ओसरीवर गायची. ओमा भाजीच्या शेंगा मोडत बसायची, नऊ वर्षांची लवीना मला मांडीवर घ्यायची. एल्झीचा आवाज भरदार होता, पण छातीत कोळशाची धूळ बसली होती. ओळ संपली की त्याला थांबून श्वास ओढावा लागे. शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. कुणी कुणाला 'थांब' म्हटलं नाही. ओमाच्या हातातली शेंग तशीच राहायची, लवीना माझी जाड तार दोनदा नुसती छेडायची, आणि श्वास आत गेला की तिघं मिळून पुढची ओळ उचलायची. लवीनाला वाटायचं, जगातली सगळी गाणी अशीच असतात. ओळ संपली की दोन ठोके बाबांचे.

मोठी झाल्यावर तिनं स्वतः गाणी रचली. त्यातलं 'दारातले बूट' माझं सगळ्यात लाडकं. खाणीतून आलेला माणूस बूट दारात काढतो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकतं, एवढंच त्यात आहे. त्यातही ओळीच्या शेवटी ते दोन ठोके आलेच.

बावीस वर्षांची असताना ते गाणं घेऊन ती बसनं नॅशव्हिलला, रेकॉर्ड कंपन्यांच्या शहरात, गेली. सबंध प्रवासात मी तिच्या मांडीवर. सकाळी दहाला स्टुडिओत वादक जमले. तिथले वादक सूर लिहीत नाहीत, आकडे लिहितात. एक, चार, पाच, असं आख्खं गाणं एका कागदावर मावतं. रेकॉर्डिंगचा मुख्य वेंडेल क्रो कागद बघून म्हणाला, "पोरी, तुझं गणित चुकतंय. प्रत्येक ओळीला दोन ठोके जास्तीचे."

"चुकत नाही. तिथे श्वास घ्यायचाय," लवीना म्हणाली.

"कुणी? तुझी छाती तर लोहाराच्या भात्यासारखी आहे!"

सगळे खो खो हसले. लवीनानं माझ्या मानेवर हात घट्ट आवळला. 'माझ्या बाबांनी' एवढं म्हणायचं होतं, पण त्या इस्त्रीच्या शर्टांसमोर खाणीतला बाप तिच्या ओठावर येईना. "काढून टाका," ती म्हणाली. त्यांनी ते दोन ठोके काढले, आणि मलाही. मी पेटीत गेले आणि माझ्या जागी एक चकचकीत गिटार वाजली. तुम्हाला आपलं म्हणून सांगते, फार झोंबलं मला.

गाणं तुफान चाललं. रेडिओवर पहिल्यांदा लागलं त्या दिवशी लवीना घरीच होती. एल्झी धुतलेला शर्ट घालून रेडिओसमोर बसला. पहिली ओळ त्यानं रेकॉर्डबरोबर गायली. श्वास घेतला. तेवढ्यात गाणं पुढे निघून गेलेलं. धावत त्यानं दुसरी ओळ गाठली, तीही सुटली.

"अगं, हे तर माझ्याआधीच घरी पोचले!" तो हसला आणि खोकत सुटला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "छान झालंय हो, पोरी. मलाच झेपत नाही."

तो टोमणा नव्हता, म्हणून तर तिच्या जिव्हारी लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हिवाळा निघाला तर निघाला. ज्याच्या बुटांचं गाणं, त्यालाच ते गाता येत नव्हतं, आणि दिवस तर हातातून निसटत होते.

लवीनानं वेंडेलला फोन केला. गाणं पुन्हा करायचं, बाबांबरोबर. तो म्हणाला, "चालत्या गाण्याला कुणी हात लावतं का? ठरलेले कार्यक्रम टाकून गेलीस तर तुझं नाव चुलीत जाईल."

"जाऊ दे चुलीत. तशीही इकडे थंडी पडलीय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. शाब्बास माझी लवीना! मी भिंतीवरून ऐकत होते, तारा शहारल्या माझ्या.

तिनं एक टेपरेकॉर्डर मागून आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. ओमा बाजूला वाळक्या शेंगा सोलत होती, शेगडीवर घेवडा रटरटत होता. पाच वेळा गाणं खोकल्यात बुडालं. पाचव्या वेळी एल्झी म्हणाला, "राहू दे गं. तूच गा."

"बाबा, घाई कुणाला आहे? तुम्ही या सावकाश, आम्ही आहोत इथंच."

सहाव्या वेळी गाणं पूर्ण झालं. ओळ संपली की माझी जाड तार, टण्, टण्, मग त्याचा तो शिळेसारखा श्वास, मग तिघांची पुढची ओळ. आयुष्यात मी याहून चांगली कधी वाजले नाही.

कंपनीचा माणूस टेप ऐकून म्हणाला, "ठीक आहे, पण मध्ये कसला तरी आवाज येतो. तो पुसून टाकू."

"तो पुसायचा नाही," लवीना म्हणाली. या वेळी तिचा आवाज अडला नाही. "ते माझे बाबा आहेत."

कंपनीनं टेप परत केली. डोंगरापलीकडच्या एका लहानशा रेकॉर्डवाल्यानं ती काढली. एल्झीनं ती रेकॉर्ड खाटेवर पडून ऐकली, शेवटपर्यंत तिच्याबरोबर ओठ हलवले आणि म्हणाला, "या वेळी थांबलात रे बाबा माझ्यासाठी." मार्चमध्ये तो गेला.

पुढे लवीनानं अकरा रेकॉर्ड काढल्या. मोठ्या कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही, पण जत्रा, शाळा, चर्चची अंगणं, कुठे म्हणून गेलो नाही आम्ही! आणि ती स्वयंपाकघरातली रेकॉर्ड हळूहळू घरोघर पोचली. धट्टीकट्टी पोरं ते गाणं गाताना ओळीच्या शेवटी मुद्दाम शीळ काढत श्वास घ्यायला लागली. त्यांना वाटायचं, गाण्याची तऱ्हाच तशी. म्हातारी ओमा एकाला ऐकून म्हणाली, "अरे, याला दमा आहे की काय?" हसून हसून लवीनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता लवीना एकोणऐंशीची आहे. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं तिची छाती पार खिळखिळी केली. तरी परवा रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, गावच्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये ती गायला बसली. मांडीवर मी. माझ्या खुंट्या सैल, तिची बोटं वाकडी.

'दारातले बूट'ची पहिली ओळ झाली आणि तिचा श्वास अडला. टण्, टण्. दोन ठोके झाले, श्वास येईना. तिनं घाबरून माझी तार पुन्हा छेडली. तीन. चार. मला वाटलं, संपलं. आता कुणीतरी टाळ्या वाजवील आणि गाणं तिथेच राहील.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी पुढेही गेलं नाही. सगळा हॉल तोंडात पुढची ओळ धरून तिच्यासाठी थांबला होता. मग तिचा श्वास आत गेला, शिळेसारखा, हुबेहूब एल्झीसारखा, आणि सगळ्यांनी मिळून ओळ उचलली. शेवटपर्यंत ते तसेच थांबत राहिले, तशीच ती गात राहिली.

घरी आल्यावर मला पेटीत ठेवताना ती हळूच म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, ही जागा मी बाबांसाठी राखलीय."

झाकण लावलं नाही तिनं. मी म्हातारी वाकड्या पाठीची गिटार तुमच्याकडे एवढंच मागते. ते गाणं कधी कानावर पडलं आणि ओळ संपली, तर पुढे पळू नका. दोन ठोके थांबा. आमच्यापैकी कुणीतरी मागून येत असेल.