बारावा फेरा

खामगावच्या मैदानावर त्या साली पहिल्यांदाच मीटरनं शर्यती झाल्या. त्याआधी पोरं फर्लांगानं पळायची आणि दम तेवढाच लागायचा. तीन हजार मीटर म्हणजे चुन्यानं आखलेल्या वाटेचे बारा फेरे, हे मुख्याध्यापक नारायणरावांनी दोनदा सांगितलं. एकदा पोरांना आणि एकदा स्वतःला.

कडूबा त्यांच्याच शाळेत दहावीला होता. रोज पाच मैल पळत यायचा. वाटेत बैलगाडीवाला हाक मारायचा, "बस ना बे, गाडीत!" कडूबा म्हणायचा, "नाई काका, मले लवकर जायचं हाये." या शर्यतीत जिंकणारा एकटाच नागपूरला जाणार होता. तिथं खरी धावपट्टी असते म्हणे. तिच्यावर एकदा पळायचं, याखेरीज त्याला काही नको होतं. पास होणंही नको असावं, असा गणिताच्या गुरुजींचा अंदाज होता.

फेरे मोजायला रंगराव मापारी बसले. धान्यबाजारात तीस वर्षं मापं मोजलेला माणूस, चूक व्हायचं कारणच नव्हतं. बाजारात पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. सुरुवात शुभ व्हावी म्हणून. शिट्टी वाजली, पोरं सुटली आणि एकही फेरा व्हायच्या आत रंगरावांनी सवयीनं 'लाभ' म्हणून टाकलं. पहिला फेरा पुरा झाला तेव्हा ते पुटपुटत होते, "दोन हे दोन, दोन हे दोन."

आठव्या फेऱ्यापर्यंत सहा पोरं लिंबाखाली जाऊन बसली. उरले दोघं. पुढं कडूबा आणि मागं पंधरा पावलांवर लोणारचा कारभारी. हा कारभारी शेवटचा फेरा येईपर्यंत झोपेत पळतो आणि मग जागा होतो, अशी त्याची ख्याती. म्हणून कडूबा मनात नीट मोजत होता. अकरावा संपत आला आणि समोर फीत ताणलेली दिसली.

फीत त्याच्या छातीवर तुटली. टाळ्या झाल्या. नारायणरावांनी तर टोपीच उडवली.

"एक फेरा राह्यला ना, गुरुजी!" कारभारी मागून ओरडला.

"हरणाऱ्याचा राहतोच," नारायणराव म्हणाले.

कडूबा उभा राहिला. नागपूर त्याच्या गळ्यात लोंबत होतं, नुसतं गप्प राहायचं होतं. तो रंगरावांकडे गेला.

"काका, पह्यला फेरा कवा मोजला?"

"शिट्टीले. लाभ म्हणलं ना." रंगराव थांबले. बोटांवर पुन्हा मोजून त्यांनी कपाळाला हात लावला. "अकराच झाले, बापा."

"निकाल लिहिला गेला आहे!" नारायणराव कडाडले. "शाईनं!"

"मंग शाई वाळू द्या, सर. तवरिक आम्ही येतो."

कडूबा कारभारीकडे वळला. "चाल बे. बारावा पळू."

"पागल झाला का? तू जितला ना!"

"अकरा जितलो." कडूबानं रेषेपासून पंधरा पावलं पुढं मोजली आणि तिथं उभा राहिला. "एवढाच समोर होतो. कमी नाई, जास्त नाई. काका, बोला."

यावेळी रंगराव 'लाभ' म्हणाले नाहीत. नुसता हात खाली केला.

अर्धा फेरा कडूबानं पंधरा पावलं राखली. वळणावर ती आठ झाली, लिंबापाशी तीन. मागचा श्वास कानाला लागला तेव्हा त्यानं दात आवळले आणि पायांत होतं नव्हतं ते काढलं. रेषेवर कारभारीची छाती वीतभर पुढं होती.

नारायणरावांनी शाईचा निकाल खोडला आणि कागद फाटला. "जिंकलेली शर्यत हरणारा विद्यार्थी माझ्या शाळेत हा पहिलाच," ते म्हणाले. ही निंदा की कौतुक, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. कारण मग त्यांनी स्वतःचा लिंबूपाण्याचा पेला कडूबापुढं केला.

कडूबा अर्धा पेला प्याला आणि उरलेला घेऊन कारभारीजवळ जाऊन बसला. डोळे भरले होते; ते त्यानं बाहीनं पुसले.

"आखरी फेऱ्यात पाय कसा उचलतं, ते दाखव मले."

"काऊन? पुढल्या साली मलेच हरवशीन."

"हाव. त्याच्यासाठीच तं."

कारभारीनं त्याच्याकडे पाहिलं, पेला रिकामा केला आणि उठला. मांडवात बक्षिसांचं भाषण सुरू झालं होतं. ते दोघं चुन्याच्या वाटेवर परत गेले.