ह्यांच्या शिंका सुरू

झाडवाल्याने बुंध्याभोवती दोरी गुंडाळली, गाठीपाशी बोट धरून माप घेतलं आणि मान वर करून फांद्यांकडे बघितलं.

"काका, झाड ठणठणीत आहे. पाडताय कशाला?"

उत्तर द्यायला चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं आणि लागोपाठ सात शिंका दिल्या. झाडवाला अदबीने थांबला.

"ह्याच्यामुळे," रुमालाआडून ते म्हणाले. "हे फुलायला आलं की माझं असं होतं. दरवर्षी."

"पण अजून कळीसुद्धा नाही त्याला."

"त्याची आतून तयारी चाललेली असते."

"मग नाकाचा इलाज करा की. झाडाचा कशाला?"

"रविवारी येणार का, तेवढं सांग."

"येतो. तुमचं झाड, तुमचं नाक."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुलगी हे सगळं ऐकत होती. आई गेल्यापासून पाच महिन्यांत ती तिसऱ्यांदा आठ दिवस राहायला आली होती. ते झाड आईने लावलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं आणि ती स्वतः आईच्या कमरेएवढी. पण बाबांशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "रविवारला पाच दिवस आहेत. तोवर डॉक्टरांना दाखवून येऊ."

"सर्दीला कसला डॉक्टर?"

"सर्दी आठ दिवसांत जाते, बाबा. तुमची दोन महिने मुक्कामाला असते."

चष्मेवाले चाळीस वर्षं एकाच दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चष्मे दुरुस्त करत आले होते. तिळाएवढे स्क्रू, मोहरीएवढे नाकाचे टेकू. एक शिंक आली की स्क्रू गायब. मग दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक घेऊन जमिनीवर रांगायचं. यंदा मात्र एक नवीनच भानगड झाली होती. दुकानात येणारे लोक त्यांचे लाल, सुजलेले डोळे बघत आणि हळू आवाजात म्हणत, "सावरा स्वतःला." ते मान हलवत. खरं तर बायको गेल्यापासून त्यांना एकदाही रडू आलं नव्हतं. रडण्याचं श्रेय मात्र फुकटात मिळत होतं, आणि ते नाकारायला तोंड नव्हतं.

डॉक्टरीण तरुण होती आणि तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता.

"सर्दीच्या गोळ्या घेता?"

"छे. वाफ घेतो. सगळ्या खिडक्या उघडून झोपतो आणि पहाटे उठून कालव्याच्या रस्त्याने तासभर चालतो. मोकळी हवा लागते ना नाकाला."

"कालव्याच्या रस्त्याला झाडं आहेत?"

"दुतर्फा. पण आत्ता नुसत्या काटक्या. पान नाही, फूल नाही. सुरवंटासारखे काहीतरी पिवळट तुरे लोंबतात तेवढे."

डॉक्टरीण हसली नाही, पण तिला हसू आवरावं लागलं हे मुलीला दिसलं. चष्मेवाल्यांच्या हातावर ओळीने थेंब ठेवून तिने सुईने एकेक टोचा दिला आणि वीस मिनिटं बसवून ठेवलं. "खाजवू नका," असं बजावलं. बसल्या बसल्या त्यांनी तिचा चष्मा मागून घेतला, खिशातल्या बारक्या पेचकसाने दोन्ही काड्या आवळल्या आणि परत दिला. तोवर एका टोच्याची चांगली गांध उठली होती.

"हे बघा. कालव्याची झाडं. ते तुरे म्हणजेच त्यांची फुलं. मधमाशी तिकडे फिरकत नाही, म्हणून ती आपला पराग वाऱ्यावर सोडतात, पानं फुटायच्याही आधी. पहाटेपासून तो उडायला लागतो. नेमके तुम्ही तेव्हा फिरायला."

"आणि रात्रभर खिडक्या उघड्या," मुलगी म्हणाली.

"माझ्या शिंकांचं मूळ दारातलं झाड आहे," चष्मेवाले हट्टाने म्हणाले. "पांढरी फुलं, मधमाश्यांचा नुसता बाजार भरतो."

"मग त्याचा पराग जड आणि चिकट. तो माशीच्या पायाला लागून जातो, तुमच्या नाकात यायला त्याला सवड नाही. मला एक सांगा, शिंका सुरू कधी होतात? तारीख कळली, तर पुढच्या वर्षी दोन आठवडे आधीच नाकातला फवारा सुरू करता येईल. आग लागण्याआधी विहीर खणलेली बरी."

तारीख चष्मेवाल्यांना सांगता येईना. अशा गोष्टी लक्षात ठेवणारं माणूस घरात होतं, तोवर त्यांनी त्या कधी ठेवल्याच नव्हत्या.

संध्याकाळी चहाचा डबा काढताना मुलीचा हात थबकला. फळीवर अंथरलेला कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान होतं. आई कॅलेंडर टाकून देत नसे, फळ्यांना घाली. आणि प्रत्येक चौकोनात तिचं मुंगीएवढं अक्षर. मुलीने एकेक फळी रिकामी केली. बापलेक डब्यांच्या गराड्यात जमिनीवर बसले.

"हे बघा. अकरा फेब्रुवारी. 'ह्यांच्या शिंका सुरू.'"

"गॅसचा नंबर, नळवाला, आणि मी. काय पंगत आहे."

"नऊ फेब्रुवारी, 'शिंका सुरू'. ह्या पानावर तेरा. आणि बाबा, मार्चमध्ये बघा. पाच तारीख, 'पहिलं फूल.'"

नऊ वर्षांची पानं निघाली. नऊही वर्षी शिंका आधी आणि फूल तीनेक आठवड्यांनी मागाहून. चष्मेवाल्यांनी भिंग लावून दोनदा तपासलं. झाड निर्दोष सुटलं होतं, आणि साक्ष कुणाची, तर लावणारीचीच.

"कालव्यावर तीच न्यायची मला," ते म्हणाले. "ओढून. मोकळी हवा घ्या म्हणायची."

मग एका पानावर त्यांचं बोट थांबलं. 'पहिलं फूल. ह्यांना दिलं. वास आवडला म्हणाले.'

"त्याला वास असतो?" त्यांनी विचारलं.

"बाबा, अख्ख्या गल्लीत सुटतो."

"ती नाकाशी धरायची. माझं नाक बंद. मी आपलं, छान आहे म्हणायचो." त्यांनी पान गुडघ्यावर सरळ केलं. "दरवर्षी."

"मग रविवारचं काय करायचं?"

"फुललं की ती मला हाक मारून बाहेर बोलवायची. यंदा ते फुललं, आणि हाक आली नाही, तर..." वाक्य तिथेच राहिलं. मुलीने ते पुरं करायला लावलं नाही. एकेक डबा पुसून ती जागेवर ठेवत गेली.

रविवारी झाडवाला कुऱ्हाड, करवत घेऊन हजर. चष्मेवाल्यांनी त्याला खिडकीवर घासणारी एक फांदी दाखवली. "एवढीच काढ."

"आणि नाक?"

"त्याचा गुन्हेगार दुसराच निघाला."

त्या वर्षी उशीर झालाच होता. फवाऱ्याने शिंका निम्म्यावर आल्या, पण झाड फुललं तेव्हा नाक चोंदलेलंच होतं. पुढच्या वर्षी मात्र सत्तावीस जानेवारीच्या चौकोनात त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून ठेवलं, 'फवारा सुरू.' नाकपुडीत नळी मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या अंगाला वळवून धरायची, जोरात ओढायचं नाही. पहाटे खिडक्या बंद. चालणं संध्याकाळी, आणि तेही बाजाराच्या रस्त्याने. आल्यावर कपडे बदलायचे, तोंड धुवायचं, चादरी घरातच वाळत घालायच्या. डोळ्यांना बाजूने झाकणारा चष्मा त्यांनी स्वतःच बनवला. दुकानातला पोऱ्या म्हणाला, "काका, वेल्डिंग शिकताय का?"

फेब्रुवारीत एकूण शिंका झाल्या चार. एकही स्क्रू हरवला नाही. डोळे स्वच्छ दिसू लागल्यावर लोकांनी "सावरलात" म्हणून पाठ थोपटली. तेव्हाही त्यांनी मान हलवली.

सहा मार्चला दुपारी ते कप विसळत होते. खिडकी उघडी होती. त्यांचा हात मध्येच थांबला. नळ वाहत राहिला. मग त्यांनी तो बंद केला, हात पुसले आणि कुणीही हाक मारली नसताना बाहेर गेले.

परत आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी पेन शोधलं, कॅलेंडरपाशी उभे राहिले आणि त्या दिवसाच्या चौकोनात, मावेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं:

'पहिलं फूल. वास आला.'