अकराव्या गाण्यातला ठेका

मित्रांनो, संगीताच्या इतिहासात युग पालटणारे क्षण मोजकेच असतात, आणि त्यांतला एक माझ्या अंगावर कोरलेला आहे. सध्या मी कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत कबुतरं हाकलते.

मी एक जुनी सीडी आहे. माझ्या डावीकडे ‘शंभर तास इंटरनेट मोफत’ असं लिहिलेली एक सीडी लटकते आणि उजवीकडे कुठल्याशा प्रिंटरची. दोघी स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्यांच्या पोटात गाणं नाही. माझ्या पोटात अकरा आहेत.

‘सिंगल फेज’ या जोडीच्या पहिल्यावहिल्या अल्बमची मी पहिली प्रत. साल दोन हजार एक. जोडीतला योगेश यवतमाळहून पुण्याला शिकायला आला आणि इथेच प्रोग्रामर झाला. कॉम्प्युटर आणि एक सेकंडहँड कीबोर्ड यांच्यातून तो असे आवाज काढायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, वॉशिंग मशीनला स्वप्न पडलंय. गायिका होती वल्लरी. ती हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. चुका काढण्याचा पगार मिळतो हे कळलं तेव्हा पेठांमधून मोठी हळहळ व्यक्त झाली. इतकी वर्षं लोक हे काम फुकट करत होते.

वल्लरीचे वडील श्रीधरराव गणिताचे निवृत्त शिक्षक. घरात दोन कपाटं भरून तबकड्या, एक रेकॉर्ड प्लेअर आणि एकच मत: गाणं म्हणजे शास्त्रीय. वल्लरी लहानपणापासून अकरा वर्षं गाणं शिकली. त्या काळात तिचा एक सूर हलला तरी श्रीधरराव आतल्या खोलीतून ओरडायचे. इंजिनिअरिंगला गेली आणि क्लास सुटला. त्या दिवसापासून सहा वर्षं ते तिच्या गाण्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. बरं नाही, वाईट नाही. वाईट बोलले असते तर ती सुखाने जगली असती.

आमचं ध्वनिमुद्रण झालं श्रीधररावांच्याच घरी, मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून. वेळ दर शनिवारी दुपारी एक ते चार. एवढी शांतता विकत घ्यायची तर मोठ्या स्टुडिओलाही परवडणार नाही. त्या तीन तासांत पुण्यात बेल वाजत नाही, दुकान उघडं नसतं आणि भाजीवालासुद्धा हळू आवाजात खोकतो. म्हणून अल्बमचं नावही ठेवलं ‘एक ते चार’.

अडचण एकच होती. बाहेरच्या खोलीत श्रीधरराव झोपायचे, आणि त्यांचं घोरणं गाद्या भेदून आत यायचं. दहा गाण्यांमधून योगेशने ते निवडून काढलं, तांदळातले खडे काढावेत तसं. अकराव्या गाण्याला त्याने हात टेकले.

“काढून कायले राहिलो आपण हे?” तो वल्लरीला म्हणाला. “ऐक न. काका एकदम लयीत घोरून राहिले. माझ्या मशीनपेक्षा पक्के.”

आणि त्या घोरण्यावर अकरावं गाणं उभं राहिलं. खाली वडिलांचं घोरणं, वर मुलीचा आवाज, बाकी काही नाही.

प्रती तयार झाल्या, आणि त्याच आठवड्यात कंपनीने वल्लरीला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. निघायला आठ दिवस होते. तिने माझ्यावर मार्करने ‘बाबांना’ असं लिहिलं आणि मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“जायच्या आधी ऐकाल ना? निदान शेवटचं?”

“बघू,” श्रीधरराव म्हणाले. पुण्यात ‘बघू’चा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको.

तीन दिवस माझ्यावर चहाचा कप होता. चौथ्या दिवशी मात्र, मित्रांनो, ते घडलं. नीरजाकाकू, म्हणजे वल्लरीच्या आई, भिशीला गेल्या होत्या. घड्याळात एक वाजला. श्रीधररावांनी कॉटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस दुपारी आडवा झाला नाही. दाराला कडी लावून त्यांनी मला उचललं आणि रेकॉर्ड प्लेअरवर ठेवलं.

घरात सीडी प्लेअर नव्हता. तो वेगळा लागतो हे विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं, आणि तशी त्या घराण्याची पद्धत नाही. माझं भोक मोठं, म्हणून मी डुगडुगत होते. त्यांनी एका लग्नपत्रिकेची घडी करून पाचर मारली. तबकडीचं नाव वर असतं या हिशेबाने माझं नावही वर ठेवलं. मग सुई हलकेच माझ्या कडेवर टेकवली.

खर्र… खर्र… खर्र.

दुखलं, खोटं का बोलू? पण त्यांच्याकडे बघून ओरडवेना. ते डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बसले होते आणि समेची जागा शोधत होते. पाऊण तास. मी पाहिलेला एवढा एकाग्र श्रोता दुसरा नाही, आणि त्याला एक सूरही ऐकू आला नाही.

संध्याकाळी वल्लरी आली. “ऐकलं,” ते म्हणाले.

तिची पर्स खांद्यावरच राहिली. “कसं वाटलं?”

“आपल्याला त्यातलं कळत नाही. जरा खरखरीत आहे. पण चिकाटी दिसते.”

“आणि शेवटचं? ओळखलंत?”

“त्यात काय ओळखायचं? सगळं एकसारखंच होतं की!”

वल्लरी “हो का” म्हणाली आणि आत जाऊन बॅग भरू लागली. दोन दिवस ती बॅगच भरत होती.

रविवारी, निघायच्या आदल्या दिवशी, योगेश सीडी प्लेअर घेऊन आला. तिला सोबत द्यायचा होता, चालतो का ते बघायला त्याने मलाच उचललं आणि तो थबकला. माझ्या कडेला गोल गोल चरे होते.

“काका, हे कशानं झालं?”

श्रीधरराव वर्तमानपत्रात शिरले. वल्लरीने चरे पाहिले, मग रेकॉर्ड प्लेअरकडे पाहिलं. त्याच्या खुंट्यावर लग्नपत्रिकेची घडी तशीच होती.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही एक ते चार जागे होतात?”

“एक ते पावणेदोन,” श्रीधरराव वर्तमानपत्रामागून म्हणाले. “उगाच वाढवून सांगू नकोस.”

योगेशने मला प्लेअरमध्ये घातलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे दहा गाणी मी नीट गायले. श्रीधररावांचं वर्तमानपत्र चौथ्या गाण्याला खाली आलं. अकरावं मात्र माझ्या कडेवर होतं, नेमकं सुईच्या वाटेत. घोरण्याचा ठेका सुरू झाला, वल्लरीचा आवाज लागणार एवढ्यात मी चऱ्यात अडकले, आणि तेच तेच वाजवत राहिले. घुर्र, घुर्र. घुर्र, घुर्र.

श्रीधररावांनी मान डोलावली. “हा ठेका पक्का आहे हं. पखवाज कोणाचा?”

“पखवाज नाही काका,” योगेश म्हणाला. “तुम्ही हाय.”

खोलीत फक्त श्रीधरराव घोरत होते, तेही माझ्यातून.

“बत्तीस वर्षं ऐकतेय मी,” नीरजाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “मला कोणी पखवाज आहे म्हणून सांगितलं नाही.”

योगेश मला बंद करायला उठला. वल्लरीने त्याचा हात धरला, आणि जिथे मी अडकले होते तिथून ती स्वतः गाऊ लागली. समोर बसून. खाली मी तोच तुकडा देत राहिले. मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं, की पक्कं अडकणं हीसुद्धा साथ असते.

गाणं संपलं. श्रीधररावांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली. मग त्यांनी घसा साफ केला.

“दुसऱ्या ओळीत निषाद उतरतोय.”

वल्लरीचे डोळे भरून आले. सहा वर्षांनी त्यांनी तिची चूक काढली होती. या गावात यापेक्षा मोठी दाद कोणी दिल्याचं ऐकिवात नाही. तिने ती ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा उतरला. रात्रीच्या जेवणापर्यंत दोघं त्या निषादामागे लागले होते आणि बॅग तशीच उघडी पडली होती.

बाकी इतिहास थोडक्यात. एका वर्तमानपत्रात आमच्यावर दोन ओळी आल्या, त्यांतली एक योगेशच्या नावाच्या चुकीची दुरुस्ती होती. वल्लरी अमेरिकेतून परत आली, आता पुण्याजवळच्या मांजरी गावात नव्या सोसायटीत राहते आणि दर रविवारी इथे येऊन वडिलांकडून चुका काढून घेते. गाणी फोनमध्ये गेली. अनेक वर्षं मी एका जुन्या तबकडीच्या पाकिटात मानाने राहिले. मग कबुतरं वाढली, आणि नीरजाकाकूंनी मला दोरा बांधला. माझी तक्रार नाही. इथे ऊन आहे, वारा आहे, आणि मी चमकते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. माणसांचं ऐकायचं असेल तर वेळेवर ऐका, आणि कसं ऐकायचं ते माहीत नसेल तर विचारा. आणि नीरजाकाकूंना भेटलात, तर माझा एक निरोप द्या. मला पलीकडच्या खिडकीत टांगा म्हणावं. ही बाहेरच्या खोलीची खिडकी आहे, आणि इथे रोज दुपारी एक ते चार मूळ कलाकार घोरत असतात. जरा डोळा लागत नाही.