काढल्यासारखं

"लई सरळ हाय हे, काका," स्वप्नाली म्हणाली.

गणपतरावांना वाटलं, पोरगी कौतुक करतेय. उभा जन्म शिवाजी पेठेत पाट्या आणि तक्ते रंगवलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? फ्लेक्स आल्यापासून त्यांचे ब्रश वाळून काटक्या झाले होते. अशात परवा शेजारच्या स्वप्नालीचा फोन आला. ती एका दूध संघाची वेबसाइट बनवते. "हातानं काढल्यासारखे तक्ते पायजेत, काका. नमुना घेऊन या." यांनी 'हातानं' ऐकलं आणि पुढचं कानाआड गेलं. दोन दिवस खपून बारा महिन्यांच्या दुधाच्या आकड्यांचे बारा उभे खांब तक्त्यावर काढले, तेही पट्टी न लावता. आज इस्त्रीचा सदरा घालून, "काम आलंय," असं बायकोला ऐटीत सांगून ते तिच्याकडं आले होते.

"मग लावायचा कुठं हा तक्ता?" गणपतरावांनी विचारलं.

"लावायचा न्हाई. मी 'काढल्यासारखे' म्हटलो की." तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "ह्यो जावास्क्रिप्टमधला, म्हंजे वेबसाइटच्या कोडमधला, आकडा बघा. शून्याला रेघ सरळ. आता दोन करतो."

पडद्यावरच्या रेघा थरथरल्या, कोपऱ्यांतून बाहेर पडल्या. असली रेघ आली की काम शिकवणारे वस्ताद गणपतरावांच्या बोटांवर पट्टी हाणायचे.

"हे चुकलंय की."

"चुकलंय म्हणून तर हाताचं वाटतंय. तुमच्या तक्त्याचा फोटो मघाशी दूध संघाच्या साहेबांना धाडला, तर ते म्हणाले, ह्यो कम्प्युटरवरचा हाय."

गणपतरावांनी आपला तक्ता गुंडाळून घेतला. तरी आशा मेली चिवट असते. "वाकडं पायजे व्हय? दे कागद. वाकडं काढतो."

पहिली रेघ सरळ आली. दुसरीही. तिसरी त्यांनी मुद्दाम हलवत सुरू केली, पण दोन बोटं पुढं जाऊन तीही आपसूक मार्गाला लागली. एवढ्या वर्षांची सवय, ती काय त्यांचं ऐकणार होती? चौथ्या रेघेला स्वप्नालीनंच हळूच पेन काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, काका."

घरी बायको बाळाबाई चहा टाकून दारातच उभी होती. "काय म्हणाली पोरगी?"

गणपतरावांनी गुंडाळलेला तक्ता कपाटावर सारला.

"लई सरळ हाय म्हणाली."

"मग! हात कुणाचा हाय त्यो," असं म्हणून बाळाबाईनं त्यांच्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.

तो चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.