फळ्यावरचा डोळा

“आधी वल्या फडक्यानं पुसा. मंग वाळू द्या. पार वाळल्यावरच लिवा, गुरुजी, घाई करू नका.”

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं बोलणं. ज्यांनी मला घडवलं ते महारुद्र सुतार मला शाळेच्या ताब्यात देताना असं बजावून गेले होते. मूळचा मी कडुलिंबाचा. पाथरीजवळच्या आमच्या गावात वादळात एक लिंब पडला, त्याच्या फळ्या त्यांनी जोडल्या, रंधा मारला, कोळशाची वस्त्रगाळ पूड बाभळीच्या डिंकात कालवून माझ्यावर फिरवली, आणि मी काळा झालो. काळं होणं हेच माझ्या वाट्याचं देखणेपण.

पुढची बरीच वर्षं चांगली गेली. बाराखडी, पाढे, गोदावरीचा उगम, सगळं माझ्या अंगावरून पोरांच्या डोक्यात गेलं. तपासणीला आलेले साहेब ‘फळा झकास ठेवलाय’ म्हणाले की गुरुजींची मान ताठ व्हायची. मग शाळेत बोटानं चालणारा मोठा पडदा आला. त्याला खडू लागत नाही, पुसावं लागत नाही. मला सामानाच्या खोलीत नेऊन मोडक्या बाकांवर पालथं घातलं. पालींनी माझ्या पाठीशी अंडी घातली. ज्याचं काम संपलं त्यानं शांत राहावं, असं मी मनाशी धरलं होतं.

पण काम संपलेलं नव्हतं. कडूबाईंनी मला बाहेर काढलं.

कडूबाई साठीच्या पुढच्या. सोमवारचा उपास त्यांनी कधी मोडला नाही. त्यांची नातवंडं पिवळ्या गाडीत बसून पाथरीच्या इंग्रजी शाळेत जायची. एकदा कडूबाईंनी नातवाची थट्टा केली, तर तो म्हणाला, “आज्जी, डोन्ट पुल माय लेग.”

“मी कवा रे तुजा पाय वढला? गावात पाय वढणारे दुसरे हायेत!” कडूबाई उसळल्या. नातू हसून लोळायला लागला. आपल्याच घरात आपल्याला परक्यासारखं वाटावं, हे त्यांना फार लागलं. कॉलेजला जाणाऱ्या, गावातल्याच अर्पिताला त्यांनी गळ घातली, शाळेकडून मला मागून घेतलं, आणि शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बायकांचा वर्ग सुरू झाला. माझ्यावर पुन्हा खडू चालू लागला.

अर्पिता रोज एक इंग्रजी बोल मराठी अक्षरात लिहायची. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं काम.

“केक खायला सोपा, पोरी, करायला कुठं सोपाय?” कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांची जीभ गावात सगळ्यांत धारदार. “आपल्यात डाव्या हातचा मळ म्हणत्यात, ते बरंय. मळाला काय लागतंय!”

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे सठीसहामासी. ‘अंडर द वेदर’ म्हणजे अंगात बरं नसणं. बायका हसायच्या, घोकायच्या आणि रानातली ढेकळं फोडावी तसे ते शब्द तोंडात फोडायच्या. मी शांतपणे सगळं धरून ठेवायचो. मजकूर बरा की वाईट, हे फळ्यानं ठरवायचं नसतं.

वर्गात कडूबाईंच्या शेजारी चांगुणाबाई बसत. दोघींची घरं शाळेच्या व्हरांड्यातून दिसणारी, समोरासमोर, मधे फक्त रस्ता. चांगुणाबाई एकट्याच राहत. लेक नागेश पुण्याला कामाला. दावणीला त्यांची चंद्री, कपाळावर पांढरा टिळा असलेली म्हैस. चांगुणाबाईंचा एक डोळा मोतीबिंदूनं पार गेल्यात जमा होता आणि दुसऱ्यातही धुकं उतरायला लागलं होतं. परभणीच्या दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख मिळाली होती. नागेश न्यायला येणार होता. ती तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि उरलेलं धुकं तोवर थांबणार नव्हतं. अडचण एकच: चंद्रीकडं कोण बघणार?

अशात तो दिवस आला. अर्पिताची परीक्षा होती. ती घाईत आली, मोबाईलमध्ये बघून तिनं शब्दाला शब्द उतरवला. ‘कीप ॲन आय ऑन: डोळा ठेवणे.’ “ह्याचं एकेक वाक्य करा,” म्हणाली.

कडूबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. माझ्यावरचं मोठ्यानं वाचलं आणि चांगुणाबाईंकडं वळून म्हणाल्या, “चांगुणा, तू बिनघोर परभणीला जा. मी तुज्या म्हशीवर डोळा ठेवते!”

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

“ठेवती कशाला आता नव्यानं? पहिल्यापसूनच हाय की!”

हसण्याची लाट उठली. मागच्या वर्षी कडूबाईंच्या लेकानं चंद्री विकत मागितली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कडूबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. “तसं न्हाई गं, इंग्रजीत…” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तोवर चांगुणाबाई भिंतीला धरून उठल्या होत्या.

“मी न्हाई जाणार परभणीला,” त्या म्हणाल्या. “डोळं गेलं तर जाऊ द्या. म्हैस तरी दावणीला ऱ्हाईल.”

दुसऱ्या दिवशी अर्पिता आली ती तोंड पाडूनच. झाला प्रकार तिनं रात्रभर मनात घोळवला असावा. तिनं मला स्वच्छ पुसलं आणि सावकाश लिहिलं, ‘लक्ष ठेवणे, राखण करणे.’

“चूक माझी आहे, काकू. इंग्रजांचा डोळा राखण करतो. आपल्याकडचा हावरा असतो. मी शब्द उचलला, अर्थ तिकडंच राहिला.”

“इंग्रजांचा डोळा राखण करतो व्हय?” कस्तुराबाई म्हणाल्या. “मंग आपल्या मुलखावर ठिवला व्हता तो कंचा?”

सगळ्या हसल्या. कडूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती.

नागेश आला. आईला समजावून थकला. रजा संपली की त्याला परत जावं लागणार होतं. म्हशीपाशी थांबणं त्याच्या हातात नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, शाळेच्या रविवारच्या सुट्टीत, कडूबाई चांगुणाबाईंचा हात धरून त्यांना व्हरांड्यात घेऊन आल्या. ओढून आणलं म्हटलं तरी चालेल.

“हे बघ. पोरीनं नीट लिवलंय, मी पुसू दिलं न्हाई. वाच.”

चांगुणाबाई माझ्या जवळ आल्या, नाकाला खडूची भुकटी लागेल इतक्या जवळ.

“काळं दिसतंय. मदी पांढरं काय तरी हाललंय. मला कशाला वाचायला लावतीस?”

“मंग त्या दिशी कसं वाचलंस?”

“मी कुठं वाचलं? तूच वाचलंस. मी कानानं ऐकलं. आता बी तूच सांग. काय लिवलंय?”

“लक्ष ठेवणे. राखण करणे.”

“हे फळ्यावर हाय का तुज्या मनचं?”

मित्रांनो, माझ्या अंगावर तेव्हा खरा शब्द होता, ठळक होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. जिच्यासाठी तो होता तिला तो दिसत नव्हता.

कडूबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या.

“खरं सांगू का, चांगुणा? चंद्री मला लय आवडती. पोरानं मागितली ती माज्याच सांगण्यावरनं. तिच्यावर माजा डोळा हाय, आपल्या मराठीतलाच. म्हणून तर सांगते, तिला मी काय बी व्हऊ द्यायची न्हाई.”

चांगुणाबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

“चोरच कबूल झाल्यावर कुलूप कशाला लावू?”

“महादेवाची आण घेते.”

“त्याला कशाला मधी घालतीस? तुजी जबान दे.”

कडूबाईंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. “धार काढीन, डेअरीत घालीन. दुधाचा थेंब माज्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. तू येईस्तोवर चंद्री तुजीच.”

“आन् आल्यावर?”

“आल्यावर इचारीन, इकतीस का म्हणून.”

दोघी हसल्या. चांगुणाबाई म्हणाल्या, “तिला सरकी भिजवून लागती. कोरडी टाकलीस तर तोंड लावायची न्हाई.” तेव्हा मला कळलं की त्या जाणार.

मित्रांनो, मी लाकडाचा. मला भाषा एकच, आणि तीही खडूनं उसनी दिलेली. तरी एक सांगतो. दुसऱ्या मुलखातला शब्द दारी आला तर त्याला पाहुण्यासारखं वागवा. त्याला आपले कपडे चढवण्याआधी त्याचं नाव-गाव विचारा, तो तिकडं कशासाठी राबतो ते समजून घ्या. आणि एखादं माणूस तोंडातून चुकीचा शब्द काढून बसलं, तर हसण्याआधी त्याच्या मनात काय आहे ते थोडं बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. नागेशनं आईला पुढच्या सीटवर बसवलं. धुरळा उडाला, आणि पाथरीच्या वळणावर जीप दिसेनाशी झाली. त्या दिवशी सोमवार होता. कडूबाईंनी चहाही घेतलेला नसणार. त्या घरातून बाहेर आल्या. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात भिजवलेल्या सरकीचं टोपलं, डोक्यावर कडब्याची पेंढी. कुणाला हाक मारली नाही, कुणाकडं पाहिलं नाही. रस्ता ओलांडून त्या चांगुणाबाईंच्या गोठ्याकडं चालू लागल्या.