भोपळ्यांची घसरगुंडी

सुगीचा मेळा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बाजाररस्त्यावर आली, ती खांद्यावर दोरीचं भेंडोळं टाकून आणि टोस्टचा शेवटचा तुकडा चावत. गावात सगळेच तिला वहिनी म्हणायचे. मांडव, कमानी, दुकानांची सजावट हा तिचा धंदा. लाकूडकाम नवऱ्याचं आणि डोकं तिचं. यंदा तर तिने कमाल केली होती. दुकानांच्या पायऱ्यांवर भोपळे, खिडक्यांत भोपळे, कमानींवर सोनेरी रंगाचे भोपळे, चौकात भोपळ्यांचा मनोरा, आणि मनोऱ्यापुढे बैठक मारून बसलेला एक महाकाय भोपळा, ज्याला आणताना चार माणसांच्या कमरा धरल्या होत्या. लोकांनी चार दिवस तोंडभर कौतुक केलं होतं. वहिनी अजून त्याच धुंदीत होती.

ती धुंदी सफाईच्या मुकादमाने उतरवली.

"वहिनी, कचऱ्याची गाडी येणार नाही."

"उशिरा येणार का?"

"येणारच नाही. मागच्या वर्षीचे तुमचे भोपळे डेपोवर नेऊन टाकले. ते तिथे ढिगाखाली कुजले, त्याचा वायू झाला आणि ढीग धुमसायला लागला. विझवताना आमच्या नाकी नऊ आले. यंदा ओला कचरा घ्यायचा नाही असं ठरलंय."

"अहो, मग मी याचं करू काय?"

"ते तुम्ही बघा. संध्याकाळी बाजार भरायचाय, रस्ता मोकळा पाहिजे." एवढं बोलून मुकादम चौकातल्या कट्ट्यावर जाऊन बसला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचेही हात बांधलेले होते.

वहिनीने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. शाळेत असताना तिला कधी गणितात भोपळा मिळाला नव्हता. आज सगळ्या वर्षांचे जणू एकदम मिळाले होते.

नवरा कमानीचे खिळे उपटत होता. तो मुळातच कमी बोलणारा. तोंडातला खिळा काढून तो एवढंच म्हणाला, "ताईला विचार."

वहिनीने कपाळाला आठ्या घातल्या. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, तिची नणंद. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, ती सोडून दिलेली जनावरं सांभाळायची. म्हातारी गाढवं, लंगड्या शेळ्या, कुणाला नको झालेली डुकरं, कोंबड्या. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे जेवायला गेलेली वहिनी नाकाला रुमाल लावून बसली होती आणि "या वासात घास कसा उतरतो हो तुम्हाला?" असं म्हणून गेली होती. तेव्हापासून दोघींत अबोला. निरोप असला तर नवऱ्यामार्फत जायचा, आणि नवरा निम्मा निरोप वाटेतच गिळायचा.

पण आता मानपान बघायची वेळ नव्हती. वहिनीने फोन लावला.

"वन्सं, मी बोलतेय."

पलीकडून आधी शेळीचं बें-बें ऐकू आलं. मग नणंदेचा आवाज. "बोल. आम्ही दोघी ऐकतोय."

वहिनीने एका दमात सगळं सांगितलं. नणंदेने ना टोमणा मारला, ना जुनं काही काढलं.

"रंगवलेले किती आहेत?"

"कमानीवरचे सगळे. सोनेरी."

"तो रंग पोटात गेला तर माझी जनावरं काही सोन्याची लेंडकं टाकणार नाहीत, आजारीच पडतील. त्यांची साल जाड सोलून काढा. ज्यांत मेणबत्त्या लावल्या त्यांतलं मेण खरवडा. बुरशी धरलेले वेगळे ठेवा, ते माझ्या खताच्या खड्ड्यात जातील. बाकी सगळं इकडे पाठव. नदीकाठचं गवत वाळून गेलंय, डुकरं सकाळपासून रिकाम्या घमेल्यात तोंड घालून बसलीत."

"सगळं? वन्सं, अख्खा रस्ता भरलाय हो!"

"मग अख्खा रस्ता पाठव. जनावरांना पुरून उरेल ते वाळवून ठेवेन. पण चांगले अख्खे भोपळे आधी माणसांना वाटा गं. कापले नाहीत तर ते थंडीभर टिकतात."

"आणि खाली आणायचं कसं? मेळ्याची दुकानं हलवायला गावातले सगळे टेम्पो गेलेत."

"त्यात मी काय सांगू? डोकं तुझं चालतं म्हणतात ना सगळे," असं म्हणून नणंदेने फोन ठेवला.

वहिनीचा जीव अर्धा भांड्यात पडला, अर्धा बाहेरच राहिला. भोपळ्यांना घर मिळालं होतं, पण ते घर खाली होतं आणि भोपळे वर. बाजाररस्त्यावरून नदीकडे एक पायऱ्यांची गल्ली थेट उतरायची. मध्ये एकच वळण, आणि तळाशी नणंदेचं फाटक. चालत गेलं तर जवळ, पण पायऱ्यांवरून हातगाडी जायची नाही. नवऱ्याने दोन काखांत दोन भोपळे घेतले आणि निघाला. वहिनीने मनात हिशेब केला. या चालीने पुढच्या मेळ्यापर्यंत रस्ता रिकामा झाला असता.

तेवढ्यात नवऱ्याच्या डाव्या काखेतला भोपळा निसटला. तो पहिल्या पायरीवर आपटला, दुसरीवर उडाला, तिसरीवरून थेट पाचवीवर गेला आणि एका दाराशी जाऊन थांबला. फुटला नाही. नवरा त्याच्याकडे बघत राहिला. वहिनी मात्र पायऱ्यांकडे बघत होती.

"अहो!" ती एवढ्या जोरात ओरडली की मुकादम कट्ट्यावरून उठला. "कमानीच्या फळ्या! ताडपत्री!"

नवऱ्याला दोन शब्दांत सगळं कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढे पुरतात. त्याने फळ्या पायऱ्यांवर टोकाला टोक लावून बसवल्या, दोन्ही कडांना उंच पट्ट्या ठोकल्या. वहिनीने त्यावर मांडवाची ताडपत्री पन्हाळीसारखी अंथरली आणि दोरीने आवळली. हातोड्याचा आवाज ऐकून गल्लीतली दारं उघडायला लागली. कुणी विचारलं, "काय चाललंय?" वहिनी म्हणाली, "घसरगुंडी." त्यावर आणखी दारं उघडली. मुकादम आधी लांबून बघत होता. मग "ही फळी हलतेय हो" म्हणत जवळ आला, आणि मग त्याने बाह्या वर केल्या.

पहिला भोपळा वहिनीने स्वतः सोडला. मध्यम आकाराचा, गोल गरगरीत. तो सुरुवातीला जरा रेंगाळला आणि मग असा सुटला की बघणाऱ्यांच्या माना एकदम फिरल्या. वळणावर त्याने वळायचं नाकारलं. पट्टीवरून उडी मारून तो लाँड्रीच्या उघड्या दारातून आत गेला. आतून एक मऊ आवाज आला, आणि पाठोपाठ एक कडक.

लाँड्रीवाल्या मावशी बाहेर आल्या. त्यांच्या हातात पांढरीशुभ्र चादर होती आणि तिच्यावर बियांची नक्षी.

"हे कुणाचं?"

वहिनी पुढे झाली. "माझं, मावशी. धुऊन देते मी. पण आधी ऐकून घ्या..." आणि तिने जनावरं, डेपो, संध्याकाळचा बाजार सगळं सांगितलं. बोलता बोलता तिचे हात असे फिरत होते की मावशींना भोपळे हवेत दिसायला लागले असावेत.

मावशींनी घसरगुंडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "वळणावर भिंत नको का उभी करायला? एवढं कळत नाही?" त्या आत गेल्या आणि मळक्या कपड्यांची गाठोडी एकामागून एक बाहेर फेकायला लागल्या. गाठोडी वळणावर रचली गेली, ढिगाला ढीग लागला. मग त्या साबणाच्या पाण्याची बादली घेऊन आल्या आणि ताडपत्रीवर ओतत म्हणाल्या, "आता सोड. बघू कसा वळत नाही ते."

दुसरा भोपळा आला, गाठोड्यांवर धप्पकन आदळला, वळला, आणि चकाकत खाली निघून गेला. तळाशी नणंद फाटक उघडून पेंढ्याचा ढीग लावून उभी होती. भोपळा पेंढ्यात घुसला आणि खालून तिची आरोळी आली, "आला! पुढचा सोडा!"

गल्लीत जो गलका उठला तो मेळ्यातसुद्धा उठला नव्हता.

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. बाजाररस्त्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत माणसांची रांग लागली आणि भोपळे हातोहात यायला लागले. दुकानदार आपापल्या पायऱ्यांवरचे स्वतःच उचलून आणत होते. बायकापुरुष घरातल्या सुऱ्या आणि सोलण्या घेऊन चौकात बसले. सोनेरी साली एका पोत्यात, मेण एका डब्यात, आणि बिया बेकरीवाल्या काकांच्या परातीत. काकांची भट्टी सकाळच्या पावांनंतर अजून तापलेली होती. त्यांनी बिया धुतल्या, मीठ लावलं आणि भट्टीत सारल्या. अख्खे, घट्ट सालीचे भोपळे त्यांनी आधीच बाजूला काढले होते. "हे मी नेतो," ते म्हणाले, "गर पिठात मळला की पाव दोन दिवस मऊ राहतो." रांगेतल्यांनीही एकेक भोपळा घरी नेण्यासाठी काखोटीला मारला. कुणी सूप करणार होतं, कुणी भाजी, आणि एक आजोबा म्हणाले की ते आतला गर काढून सालीच्या वाटीत दाणे भरणार आणि चिमण्यांसाठी खिडकीत टांगणार.

"वर सगळे नुसते बसलात का?" खालून नणंद ओरडायची. "माझे हात रिकामे आहेत!"

"येतोय, येतोय! दम धरा वन्सं!" वहिनी वरून ओरडायची. इतकं तर त्या दोघी बोलत होत्या तेव्हाही बोलल्या नव्हत्या.

लांबुडका भोपळा आला की तो आडवा व्हायचा आणि वाटेत अडकायचा. मग मुकादम फळीवर रांगत जाऊन त्याला ढकलायचा आणि साबणात घसरून स्वतःच थोडा खाली जायचा. दुसऱ्यांदा तो घसरला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की तो मुद्दाम घसरतोय.

शेवटी उरला चौकातला महाकाय.

त्याला सोडायचं की नाही यावर वाद झाला. कुणी म्हणालं फळ्या मोडतील, कुणी म्हणालं तिथेच कापा. वहिनीच्या डोळ्यांत मात्र वेगळीच चमक होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने फळ्यांखाली वाकून पाहिलं, दोन ठिकाणी ओंडके टेकवले आणि मान हलवली. एवढी मान पुरे होती. सगळ्यांनी मिळून त्याला चादरीवरून ओढत गल्लीच्या तोंडाशी आणलं. मावशींनी उरलेलं सगळं साबणाचं पाणी ओतलं. वहिनीने दोन्ही हातांचा कर्णा करून हाक मारली, "वन्संऽऽ! बाजूला व्हाऽऽ!"

आणि त्यांनी ढकललं.

तो हळू निघाला, एखाद्या जाडजूड पाहुण्यासारखा, दमाने. फळ्या करकरल्या. मग त्याने वेग घेतला. वळणावरच्या गाठोड्यांत तो असा घुसला की एक गाठोडं उडून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पडलं, आणि एका क्षणाला वाटलं की संपलं, हा लाँड्रीत जाणार. पण तो गरकन फिरला, पट्ट्या खडखडवत उरलेला उतार एका झपाट्यात उतरला आणि पेंढ्याचा ढीग पार करून फाटकातून आत गेला. खालून जो आवाज आला तो साऱ्या गावाने ऐकला. लोकांचे भ्रमाचे भोपळे फुटतात. हा खराखुरा फुटला होता.

वहिनी पायऱ्या दोन दोन ओलांडत खाली धावली, पाठोपाठ सगळी गल्ली. अंगणाच्या मधोमध महाकाय दुभंगून पडला होता आणि त्याच्या केशरी गरात चारी दिशांनी जनावरं घुसली होती. डुकरं कानापर्यंत आत होती. कोंबड्या बियांवर तुटून पडल्या होत्या. एक म्हातारं गाढव, ज्याला दात फारसे उरले नव्हते, ते मऊ गर जिभेने ओढत डोळे मिटून उभं होतं. नणंद भिंतीला टेकून हसत होती. तिच्या केसांत, चष्म्यावर, हनुवटीवर सगळीकडे भोपळा उडाला होता.

वहिनीला धाप लागली होती. नणंदच म्हणाली, "रुमाल आणलायस का?"

वहिनीचा चेहरा पडला. "वन्सं, तेव्हाचं ते..."

"अगं, चष्मा पुसायला मागतेय!"

मग मात्र वहिनीला इतकं हसू आलं की ती पेंढ्यातच बसली. तिने ओढणीच्या टोकाने नणंदेचा चष्मा पुसला, मग गालही पुसले. वास येत होता. शेणाचा, ओल्या केसांचा, आणि ताज्या फोडलेल्या भोपळ्याचा. तिने तो छाती भरून घेतला. तेवढ्यात बेकरीवाले काका खारवलेल्या गरम बियांची परात डोक्यावर घेऊन अंगणात शिरले, आणि माणसं नि जनावरं एकाच वेळी खायला लागली.

संध्याकाळी बाजार वेळेवर भरला. रस्ता इतका स्वच्छ होता की मुकादमालाच खरं वाटेना. बुरशीचे भोपळे खड्ड्यात गेले. वाळवलेल्या फोडी नणंदेच्या माळ्यावर थंडीभर टांगलेल्या होत्या आणि डुकरांना रोज दुपारी मिळत होत्या. वसंतात त्या खड्ड्यातलं काळंभोर खत गल्लीतल्या प्रत्येक कुंडीत आलं. लाँड्रीच्या चादरी वहिनीने, कबूल केल्याप्रमाणे, स्वतः धुतल्या. एकीचा डाग काही गेला नाही, तर मावशींनी ती वळणावर टाकायला राखून ठेवली.

पुढच्या वर्षी वहिनीने एकाही भोपळ्याला रंग लावला नाही, आणि कुणी त्याबद्दल विचारलंही नाही. लोक सजावट बघायला येत होते, पण बघता बघता विचारत होते, "उतरवणार कधी?" मेळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पायऱ्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवऱ्याने यंदा वळणाला गोलाई दिली होती. मुकादम नवी बादली घेऊन हजर होता. आणि गल्लीच्या तोंडाशी नणंद नि भावजय कमरेवर हात ठेवून समोरासमोर उभ्या होत्या.

"पहिला मी सोडणार," नणंद म्हणत होती. "गेल्या वर्षी खाली उभी राहून मी नुसते झेलले."

"अहो वन्सं, पण कल्पना कुणाची?"

"आणि जनावरं कुणाची?"

"बायांनो," मावशी बादली उचलत म्हणाल्या, "साबण वाळतोय!"